आलेख साक्ष देतो, निकाल नाही

आपल्या समाजात बोलणाऱ्या माणसापेक्षा कागदाची पत मोठी. सातबारा, जन्मदाखला, गुणपत्रिका यांच्या रांगेत आता आणखी एक कागद मानाने येऊन बसला आहे, आणि तो म्हणजे वैद्यकीय तपासणीचा रिपोर्ट. माणूस ‘दुखते आहे’ असे सांगतो तेव्हा घरातले ऐकून न ऐकल्यासारखे करतात. कागद बोलला की सर्वांचे डोळे उघडतात. याच्या उलटही घडते. कागद ‘नॉर्मल’ म्हणाला की दुखणाऱ्याने मुकाट्याने गप्प बसावे, अशी सर्वांची अपेक्षा असते. बाकीच्या तपासण्यांचे राहू द्या. पण मेंदू, मज्जातंतू, स्नायू आणि झोप यांच्या तपासण्यांच्या बाबतीत या कागदभक्तीने फार मोठा अन्याय होतो, असे माझे स्पष्ट मत आहे. तो अन्याय घरात होतो, वसतिगृहात होतो, लग्नाच्या बैठकीत होतो आणि एकदा तर तो न्यायालयाच्या दारापर्यंत जाऊन पोहोचला.

कला शाखेच्या वार्षिकांकात हा विषय कशाला, असे कुणी विचारील. शास्त्र शाखेतील आमचे मित्र तर हसतीलच. पण मला वाटते, हा विषय आमचाही आहे. या तपासण्यांचा अर्थ लावायचा तर दोन गोष्टी लागतात. एक यंत्रातून निघालेला आलेख आणि दुसरी माणसाने सांगितलेली हकीकत. आलेख वाचणारे तज्ज्ञ पुष्कळ तयार होत आहेत. हकीकत नीट सांगणारे आणि नीट ऐकणारे मात्र कमी होत चालले आहेत. आणि हकीकत हा तर आमच्या अभ्यासाचा विषय!

आधी या तपासण्या म्हणजे काय ते थोडक्यात पाहू.

आपल्या शरीरातील निरोप विजेवर चालतात, ही गोष्ट माणसाला बेडकाच्या तंगडीने शिकवली. इटलीतील बोलोन्या येथे लुइजी गॅल्व्हानीने आपले बेडकांवरील प्रयोग १७९१ साली प्रसिद्ध केले आणि ‘प्राण्यांच्या अंगातील वीज’ हा वादाचा विषय झाला. हा निरोप किती वेगाने धावतो हे मोजणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे, असे योहानेस म्यूलरसारख्या थोर शरीरशास्त्रज्ञाचे मत होते. त्यांच्याच शिष्याने, हर्मान हेल्महोल्ट्झने, १८५० साली तो मोजून दाखवला. बेडकाच्या मज्जातंतूत तो सेकंदाला सुमारे २७ मीटर भरला. विचाराच्या वेगाला आपण मनोवेग म्हणतो आणि त्यापुढे वारा फिका मानतो. प्रत्यक्षात निरोग्या माणसाच्या हातातील मज्जातंतूत निरोप सेकंदाला साधारण ५० ते ६० मीटर धावतो. म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास. आगगाडीला हरवील, पण विमानापुढे टिकणार नाही!

आज मोठ्या शहरांतील रुग्णालयांत मज्जातंतूंची जी तपासणी होते तिचे मूळ या हेल्महोल्ट्झच्या प्रयोगात आहे. मनगटापाशी, कोपरापाशी विजेचे हलके धक्के द्यायचे, स्नायू केव्हा हलतो ते नोंदवायचे आणि दोन जागांमधील अंतराला वेळेच्या फरकाने भागायचे. प्राथमिक शाळेतले वेग-वेळ-अंतराचे गणित, दुसरे काही नाही. मनगटात नस दबली असेल तर निरोप तेवढ्या टापूत रेंगाळतो आणि आकडा ते सांगतो. ई.एम.जी. नावाच्या तपासणीत स्नायूत बारीक सुई घालून तेथील विजेची हालचाल पाहतात. पाहतात म्हटले खरे, पण डॉक्टर ती ऐकतातही, कारण ते यंत्र ती हालचाल आवाजाच्या रूपाने ध्वनिवर्धकातून ऐकवते. ज्या स्नायूचा मज्जातंतूशी संबंध तुटला आहे, त्याचा आवाज पत्र्यावर पडणाऱ्या पावसासारखा येतो, असे जाणकार सांगतात. शास्त्रज्ञांनाही शेवटी उपमेचाच आधार घ्यावा लागतो, याची आम्हा साहित्याच्या विद्यार्थ्यांना गंमत वाटल्यावाचून राहत नाही.

आता या तपासणीची मर्यादा पाहा. ती जाड मज्जातंतूंचा वेग मोजते. वेदना आणि उष्णता यांचे निरोप वाहणारे अतिबारीक तंतू तिच्या जाळ्यात सापडत नाहीत. मधुमेहाच्या अनेक रोग्यांचे तळपाय रात्रभर आग-आग होतात. कधी कधी बिघाड फक्त या बारीक तंतूंत असतो, आणि मग तपासणीचा कागद ‘नॉर्मल’ येतो. डॉक्टर जाणता असेल तर तो या कागदावर थांबत नाही. पण घरी परतल्यावर काय होते? “रिपोर्टमध्ये काही नाही, तुझ्या मनाचे खेळ आहेत सगळे!” त्यातून रोगी घरातली वयस्क बाई असली तर मग बोलायलाच नको. पोटच्या पोरांनाही वाटते की आईला बोलायला विषय हवा असतो. जाळ्याची भोके मोठी होती, एवढाच त्या कागदाचा अर्थ. तळ्यात मासा नाही असे तो कागद म्हणतच नव्हता.

आणि प्रत्येक वेळी यंत्र लागतेच असेही नाही. कुष्ठरोग हा मज्जातंतूंवर घाला घालणारा रोग आहे. बाबा आमट्यांनी १९४९ साली वरोऱ्याजवळ आनंदवन सुरू केले, त्या भूमीतल्या आपल्यासारख्यांना हे वेगळे सांगायला नको. त्या रोगाचा बधिर चट्टा शोधायला आरोग्यसेवकाला बॉलपेनचे टोक किंवा नायलॉनचा एक तंतू पुरतो. डोळे मिटायला सांगायचे, स्पर्श करायचा आणि विचारायचे, “कुठे लागलं, बोट ठेवून दाखवा.” येथे सारी भिस्त रोग्याच्या उत्तरावर आहे. माणसाला विचारणे हीसुद्धा एक तपासणीच आहे. किंबहुना ती पहिली तपासणी आहे.

आता मेंदूच्या आलेखाकडे वळू. त्याला सर्वजण ई.ई.जी. म्हणतात. त्याचा जनक हान्स बर्गर हा जर्मनीतील येना येथील मानसरोगतज्ज्ञ. तरुणपणी लष्करी कवायतीत तो घोड्यावरून पडला आणि थोडक्यात बचावला. त्याच दिवशी घरून वडिलांची तार आली, कारण दूर गावी असलेल्या बहिणीला भाऊ संकटात आहे असे एकाएकी वाटले होते. एका मनातले दुसऱ्या मनात कसे जाते, याचा शोध घ्यायचा ध्यास त्याने तेव्हापासून घेतला. १९२४ साली त्याने माणसाच्या मेंदूची पहिली विद्युत्‌नोंद घेतली. १९२९ साली ती प्रसिद्ध केली. ज्याच्या शोधात तो निघाला होता ते मात्र त्याला मिळाले नाही. मिटल्या डोळ्यांनी स्वस्थ बसलेल्या माणसाच्या मेंदूत सेकंदाला ८ ते १३ वेळा उठणारी एक संथ लाट तेवढी त्याला सापडली. मनातला विचार त्या लाटेत कुठेच लिहिलेला नव्हता. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा; पुढे त्याचे काम पडणार आहे.

ही लाट किती क्षीण असते? टॉर्चच्या एका सेलमध्ये दीड व्होल्ट असतात. त्याचे दीड लाख भाग केले तर त्यांतील एक ते दहा भाग एवढीच वीज डोक्याच्या कातडीवर मिळते. तीही कवटीच्या हाडातून गाळून आलेली. म्हणून तर आदल्या दिवशी केस धुऊन, तेल न लावता या, असे बजावतात. डोक्यावर ठरावीक अंतरांवर एकवीस ठिकाणी तारा चिकटवतात, दीर्घ श्वास घ्यायला लावतात, डोळ्यांसमोर दिव्याची उघडझाप करतात आणि साधारण अर्धा तास नोंद घेतात.

अर्धा तास! अपस्माराचा, म्हणजे आपण ज्याला फीट, आकडी, फेफरे, मिरगी अशी नाना नावे देतो त्या रोगाचा झटका महिन्यातून एकदा, वर्षातून दोनदा, कधी तर दोन वर्षांतून एकदा येतो. त्या रोग्याच्या मेंदूकडे आपण अर्धा तास पाहिले आणि तेवढ्या वेळात वादळ दिसले नाही, म्हणून वादळ येतच नाही असे म्हणायचे काय? प्रत्यक्षात अपस्माराच्या रोग्यांची पहिलीच ई.ई.जी. काढली तर सुमारे निम्म्या जणांतच त्या रोगाच्या खुणा सापडतात. पुन्हा पुन्हा काढली, जागरण करून काढली, झोपेत काढली तर हे प्रमाण वाढते. पण काहींची ती कायम निर्दोषच येते. उलट कधीही झटका न आलेल्या काही थोड्या निरोगी माणसांतही तशा खुणा आढळतात. म्हणजे कागद स्वच्छ असून रोग असू शकतो आणि कागदावर डाग असून रोग नसू शकतो. म्हणूनच अपस्माराचे निदान मुख्यतः हकिकतीवरून होते. आलेख त्या हकिकतीला दुजोरा देतो, प्रकार सांगतो, उपचाराची दिशा दाखवतो.

येथे मला स्वतः पाहिलेली एक गोष्ट सांगितली पाहिजे. वसतिगृहात माझ्या शेजारच्या खोलीतील मैत्रिणीला रात्रीच्या जेवणाच्या रांगेत झटका आला. मी तिच्यामागेच उभी होते. ताट पडले, मान डावीकडे वळत गेली, डोळे उघडेच होते, मग सारे अंग ताठ झाले आणि हातपाय झटकू लागले. भोवती गर्दी जमली. कुणी कांदा आणला, कुणी चप्पल नाकाशी धरली, कुणी मुठीत किल्ल्या कोंबल्या. दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यातील डॉक्टरांनी तिच्याआधी मलाच प्रश्न विचारले. “मान कोणत्या बाजूला वळली? डोळे उघडे की मिटलेले? किती मिनिटं? शुद्धीवर आल्यावर लगेच नीट बोलली की बरळत होती?” मी एकेक सांगत गेले आणि ते लिहून घेत गेले. सहा महिन्यांपूर्वी घरी असाच प्रकार घडला होता, हे तिच्या आईने फोनवरून सांगितले. मग ई.ई.जी. झाली आणि ती अगदी स्वच्छ आली. डॉक्टरांनी कागद पाहिला, बाजूला ठेवला आणि दोन झटक्यांच्या हकिकतीवर भरवसा ठेवून गोळ्या सुरू केल्या.

वसतिगृहात मात्र तोच कागद फिरला. “मशीनमध्ये काही नाही आलं, म्हणजे परीक्षेचं नाटक!” हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकले. ज्यांनी तिला जमिनीवर आपटताना पाहिले होते, त्यांनीसुद्धा स्वतःच्या डोळ्यांपेक्षा कागदावर अधिक विश्वास ठेवला! मैत्रीण पुढे जेवणाच्या रांगेत उभी राहीनाशी झाली. ताट खोलीत नेऊन जेवू लागली. गोळ्यांनी झटके थांबले, पण त्या वाक्याने जे केले त्यावर कोणती गोळी आहे?

आणखी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो, म्हणजे सांगून टाकते, असे घाईने म्हणावेसे वाटते, कारण ती नेहमी विसरली जाते. मनावरील असह्य ताणामुळे येणारे झटकेही असतात. त्यांत मेंदूच्या विजेचे वादळ नसते. चित्रीकरण आणि ई.ई.जी. एकाच वेळी करून तज्ज्ञ ते ओळखू शकतात. पण तेही नाटक नव्हे. तो माणूस ते मुद्दाम करीत नसतो. त्यालाही उपचार लागतात, फक्त वेगळे. ‘खरा रोग की ढोंग’ असा दोनच खणांचा दप्तरखाना आपण मनात बांधून ठेवला आहे. माणसाचे दुःख त्यात मावत नाही.

लग्नाच्या बाजारात तर या कागदाला भलताच भाव येतो. मुलीची ई.ई.जी. झाली होती एवढे कळले की पुरे. रिपोर्टात काय आहे हे कुणी विचारीतही नाही. या बाबतीत आपल्या कायद्याचा इतिहासही उद्बोधक आहे. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्याच्या अटींत वारंवार येणाऱ्या वेडाच्या झटक्यांच्या जोडीला अपस्माराचे झटके बसवले गेले आणि असे लग्न रद्द करून घेण्याची वाट मोकळी झाली. विशेष विवाह कायद्यातही तीच अट होती. वेड आणि अपस्मार यांना एका ओळीत बसवणारा हा शब्द संसदेने १९९९ च्या दुरुस्तीने दोन्ही कायद्यांतून काढून टाकला. उपचार मिळाले तर अपस्माराचे शंभरांतील सत्तरपर्यंत रोगी झटक्यांपासून मुक्त राहू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कायद्याने आपली चूक दुरुस्त केली त्याला पाव शतक उलटून गेले. आमच्या बैठकींतल्या पाटावर बसलेल्या मंडळींना ती दुरुस्ती अजून कळलेली दिसत नाही.

एवढ्यावरून मी यंत्रांच्या विरुद्ध आहे, असा समज कुणी करून घेऊ नये. यंत्रामुळे न्याय मिळाल्याचीही उदाहरणे आहेत. वर्गात एखादे मूल मध्येच दहा-पंधरा सेकंद शून्यात पाहते, हाक मारली तरी ओ देत नाही आणि पुन्हा काही घडलेच नाही असे लिहू लागते. मास्तर म्हणतात, ‘लक्ष नाही’, आणि कान पिळतात. १९३५ साली अमेरिकेत गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स यांनी दाखवून दिले की अशा मुलांच्या आलेखात त्या क्षणी सेकंदाला तीन या तालावर टोकदार लाटा उठतात. त्या मुलाला डॉक्टरांसमोर भराभर दीर्घ श्वास घ्यायला लावले की बहुधा तो झटका तेथेच दिसतो. येथे कागदाने मुलाच्या बाजूने साक्ष दिली आणि मास्तरांचा हात थांबवला.

झोपेच्या तपासणीचेही तसेच. आमच्या नाटकांत घोरणारा माणूस हमखास हशा मिळवतो आणि दिवसा पेंगणाऱ्याला आपण कुंभकर्ण म्हणून मोकळे होतो. झोप म्हणजे मेंदूचा दिवा मालवणे, असे पूर्वी विद्वानांनाही वाटे. १९५३ साली शिकागो विद्यापीठातील ॲसेरिन्स्की व क्लाइटमन यांनी दाखवले की झोपेत ठरावीक काळाने मिटलेल्या पापण्यांआड डोळे भराभर फिरू लागतात आणि मेंदूचा आलेख जवळजवळ जागेपणीसारखा होतो. त्या वेळी उठवले तर माणूस बहुधा स्वप्न सांगतो. आज झोपेच्या तपासणीसाठी माणसाला रात्रभर निजवतात आणि मेंदूच्या लाटा, डोळ्यांची हालचाल, हनुवटीच्या स्नायूचा ताण, हृदयाचे ठोके, श्वास आणि रक्तातील प्राणवायू यांची एकत्र नोंद घेतात. घोरणाऱ्या काही माणसांचा श्वास झोपेत दहा-दहा सेकंद, कधी त्याहूनही अधिक वेळ अडतो. तासाला असे पाचापेक्षा कमी प्रसंग असतील तर ते चालण्यासारखे समजतात. तीस किंवा त्याहून अधिक असतील तर रोग तीव्र. तासाला तीस म्हणजे दर दोन मिनिटांना एकदा गुदमरणे! असा माणूस सकाळी ताजातवाना कसा उठणार? तो कामावर पेंगतो, शिव्या खातो, आणि मोटार चालवत असेल तर स्वतःचा नि दुसऱ्याचा जीव धोक्यात घालतो. १९८१ साली सिडनीतील कॉलिन सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाकावाटे हवेचा दाब देऊन हा अडथळा दूर करण्याचा उपाय जगापुढे ठेवला. आळशी म्हणून हिणवलेल्या किती माणसांची अब्रू त्या एका रात्रीच्या आलेखाने वाचवली असेल!

पण येथेही माणसाची साक्ष आधी येते. घोरणाऱ्याला आपण घोरतो हे ठाऊक नसते; श्वास अडला हेही ठाऊक नसते. ते ठाऊक असते शेजारी जागी राहून घाबरणाऱ्या बायकोला. तिने ते सांगितले आणि कुणी ऐकले तर पुढची तपासणी. “रात्री यांचा श्वास बंद पडतो हो” या तिच्या वाक्याला घरात हसून टाळले गेले, तर ते यंत्र शहरात असूनही काय उपयोग?

आता त्या न्यायालयाच्या गोष्टीकडे येतो. संशयिताच्या डोक्याला तारा लावून, त्याला डोळे मिटून गप्प बसवून, गुन्ह्याविषयीची वाक्ये त्याच्यापुढे वाचायची आणि मेंदूच्या लाटांवरून ‘हा प्रसंग याने अनुभवला आहे’ असे ठरवायचे, अशी एक पद्धत आपल्या देशात पुढे आली. पुण्यातील सत्र न्यायालयाने जून २००८ मध्ये एका खून खटल्यात शिक्षा सुनावताना या तपासणीचाही आधार घेतला, तेव्हा जगभर त्याची चर्चा झाली. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने ही पद्धत शास्त्राच्या कसोटीला उतरत नसल्याचे मत दिले. पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात स्पष्ट केले की अशी मेंदूतपासणी, नार्को किंवा खोटे पकडण्याच्या यंत्राची तपासणी संमतीवाचून कुणावरही लादता येणार नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती होऊ नये हा घटनेच्या कलम २०(३) मधील हक्क आणि कलम २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्य यांचा तो भंग ठरेल.

मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो, आणि केवळ आरोपींच्या दृष्टीने नव्हे. हान्स बर्गर एका मनातला विचार पकडायला निघाला आणि त्याच्या हाती एक मुकी लाट आली. त्या लाटेने रोग्यांचे अपार कल्याण केले, कारण डॉक्टरांनी तिला झेपतील तेच प्रश्न विचारले. त्याच लाटेकडून पुन्हा मनातले गुपित वदवून घ्यायचे म्हणजे जेथून बर्गर निराश होऊन परतला त्याच रस्त्याला लागायचे. फरक एवढाच की बर्गरच्या चुकीने कुणी तुरुंगात गेले नसते. आणि जो समाज वसतिगृहात ‘मशीन म्हणते तेच खरे’ असे म्हणतो, तोच समाज उद्या न्यायालयातही तेच म्हणणार, यात आश्चर्य ते काय?

यावर आक्षेप येईल. माणूस खोटे बोलतो, यंत्र बोलत नाही. शिवाय बाहेर शंभर रोगी ताटकळत असताना डॉक्टरांनी प्रत्येकाची कहाणी कुठे ऐकत बसावे? दोन्ही आक्षेप वजनदार आहेत. माणूस खोटे बोलतो, चुकतो, विसरतो, हे खरेच. म्हणून तर दोन साक्षी हव्यात. एकीने दुसरीला तपासावे. पण यंत्र खोटे बोलत नाही म्हणजे ते सारे खरे सांगते, असे नव्हे. ते विचारलेल्या प्रश्नापुरते उत्तर देते, आणि प्रश्न तर माणसाच्या हकिकतीतूनच निघतो. गर्दीचे म्हणाल, तर नीट सांगितलेली हकीकत वेळ खात नाही, वाचवते. डावीकडे मान वळली, डोळे उघडे होते, दोन मिनिटे, नंतर गोंधळलेली होती. हे सांगायला मला अर्धे मिनिटसुद्धा लागले नव्हते.

म्हणून माझ्या सहाध्यायांना आणि गुरुजनांना माझी विनंती आहे. आम्ही कला शाखेचे विद्यार्थी कादंबरीतल्या पात्राने असे का केले यावर चार-चार पाने लिहितो. डोळ्यांसमोर कुणी कोसळले तर काय पाहिले ते चार ओळींत सांगता आले पाहिजे. झटका आला तर कांदा, चप्पल, किल्ल्या यांच्या मागे न धावता आजूबाजूचे टेबल-खुर्ची दूर करावे, डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवावे, तोंडात काहीही घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत, झटकणे थांबताच कुशीवर वळवावे आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत थांबले नाही, किंवा शुद्धीवर न येता पुन्हा सुरू झाले, तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. जमले तर एकाने डॉक्टरांसाठी मोबाईलवर चित्रण करावे. पण ते डॉक्टरांनाच दाखवावे, गटागटांत फिरवू नये. महाविद्यालयाने वर्षारंभीच्या स्वागत समारंभात भाषणांतले एक भाषण कमी करून हे दहा मिनिटे शिकवावे. शिक्षकांनी वर्गात पेंगणाऱ्याला किंवा शून्यात पाहणाऱ्याला हाकलण्यापूर्वी एकदा बाजूला घेऊन विचारावे.

आणि कुणाच्या हातात ‘नॉर्मल’ असा कागद आला, तर त्या कागदाने कोणत्या प्रश्नाचे उत्तर दिले आहे, एवढे विचारल्यावाचून निकाल देऊ नये. आलेख हा मोठा प्रामाणिक साक्षीदार आहे. पण तो मितभाषी आहे, त्याला विचाराल तेवढेच सांगतो, आणि ज्या रात्री तो हजर नव्हता त्या रात्रीविषयी त्याला काहीच ठाऊक नसते. त्या रात्रीविषयी बोलू शकतो तो फक्त माणूस. त्याला आधी बोलू द्या.